‘तोच’ आणि ‘तसाच’: जावा भाषेतल्या एका चिन्हाची चिकित्सा



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जावा या संगणकभाषेवर का बोलावं? कारण सरळ आहे. या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक जण रोज एक प्रश्न विचारत असतो: हा मजकूर आणि तो मजकूर एकच आहे का? आणि ‘एकच आहे’ म्हणजे नेमकं काय, हा आमच्या विषयातल्या फार जुन्या प्रश्नांपैकी एक. जावाने या प्रश्नाची व्यवस्था कशी लावली ते आज आपण बघू, तिची बाजू नीट ऐकून घेऊ, आणि मग निकाल देऊ. प्रोग्रॅमिंग येत नसलेल्यांनी घाबरू नये. लागेल तेवढं आपण इथेच शिकून घेणार आहोत.

आधी आपल्या घरातली भाषा बघू. ‘ही कालचीच आमटी आहे’ आणि ‘ही कालच्यासारखीच आमटी आहे’ ही दोन वाक्यं कुणी एक समजत नाही. पहिलं ऐकून पाहुणा जरा बिचकतो, दुसरं ऐकून खूश होतो. मराठीने या दोन कल्पनांना वेगळे शब्द दिलेत: ‘तोच’ आणि ‘तसाच’. ‘तोच’मध्ये वस्तू एक असते. ‘तसाच’मध्ये वस्तू दोन असतात, पण गुण जुळतात.

आपल्या नैयायिकांनी हे फार काटेकोरपणे मांडलं. सादृश्य म्हणजे काय? एखाद्या वस्तूहून वेगळं असूनही तिचे पुष्कळसे धर्म अंगी असणं. म्हणजे वेगळेपण हे सादृश्याच्या व्याख्येतच आहे. रानातला गवय गायीसारखा, असं आपण म्हणतो. गाय स्वतःसारखी आहे असं म्हणण्यात काही अर्थ नसतो. याउलट ‘तोच हा देवदत्त’ असं आपण ओळखतो तेव्हा ती प्रत्यभिज्ञा. तिथे माणूस एक, पाहण्याच्या वेळा दोन. बौद्धांनी यावर दिव्याच्या ज्योतीचा दाखला पुढे केला. आपण म्हणतो ‘मघाचीच ज्योत’, पण क्षणाक्षणाला ज्योत नवी असते, फक्त मघासारखी दिसते. म्हणजे ‘तसाच’ला आपण ‘तोच’ समजून बसतो.

जावा शिकणारा नवखा विद्यार्थी याच्या उलट गडबड करतो. त्याला विचारायचं असतं ‘तसाच आहे का?’, आणि भाषा त्याच्याकडून वदवून घेते ‘तोच आहे का?’ ते कसं, ते आता बघू.

जावा भाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतून बाहेर आली. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य रचनाकार. या भाषेत मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात, आणि स्ट्रिंग हे एक ‘ऑब्जेक्ट’ असतं. व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष मजकूर नसतो. मजकूर मेमरीत कुठे ठेवलाय, त्याचा निर्देश असतो. आपण त्याला पत्त्याची चिठ्ठी म्हणू. आता दोन व्हेरिएबलांच्या मध्ये ‘==’ हे चिन्ह टाकलं, की जावा दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघते, की दोन्हींवर एकच पत्ता आहे का? घरात कोण राहतंय ते बघायला ती जात नाही. घरात जाऊन अक्षर न् अक्षर पडताळायचं असेल, तर ‘इक्वल्स’ नावाची मेथड वापरावी लागते. म्हणजे ‘==’ विचारतं ‘तोच का?’ आणि ‘इक्वल्स’ विचारतं ‘तसाच का?’

इथवर ठीक आहे. दोन प्रश्न, दोन साधनं. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी, की ‘==’ हे चुकीचं उत्तर नेहमी देत नाही. प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत थेट लिहिलेला मजकूर जावा एका सामायिक साठ्यात ठेवते. त्याला ‘स्ट्रिंग पूल’ म्हणतात. तुम्ही प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी ‘पुणे’ असं लिहिलंत, तर साठ्यात ‘पुणे’ एकदाच ठेवलं जातं आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर तोच पत्ता येतो. ‘==’ म्हणतं, होय. विद्यार्थी खूश. मग प्रोग्रॅम वापरणाऱ्याला विचारतो, ‘तुमचं गाव कोणतं?’ तो कीबोर्डवरून ‘पुणे’ असंच टाइप करतो. हा मजकूर प्रोग्रॅम चालू असताना नव्याने तयार झाला, त्याची जागा वेगळी, पत्ता वेगळा. ‘==’ म्हणतं, नाही. डोळ्यांना दोन्हीकडे ‘पुणे’ दिसतंय आणि यंत्र म्हणतंय, हे वेगळं आहे.

याहून गमतीची गोष्ट ऐका. ‘पु’ आणि ‘णे’ हे दोन तुकडे थेट लिहून अधिकच्या चिन्हाने जोडले, तर जोडणी कंपायलरच उरकून टाकतो आणि उत्तर ‘होय’ येतं. ‘पु’ एका साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवून मग जोडलं, तर उत्तर ‘नाही’. आणि त्याच व्हेरिएबलच्या घोषणेआधी ‘फायनल’ हा एक शब्द लिहिला, की पुन्हा ‘होय’. मजकूर तिन्ही वेळा ‘पुणे’च. बदललं काय, तर तो कुठे आणि केव्हा बनला एवढंच.

जे साधन कायम चुकतं त्याच्यापासून फारसा धोका नसतो, कारण पहिल्या दिवशीच ते हातातून टाकून दिलं जातं. जे बरेचदा बरोबर उत्तर देतं आणि मधूनच चुकतं, ते मात्र विश्वास कमावतं. वर्गात, चाचणीत, नमुन्याच्या आकडेवारीवर ते खरं ठरतं, आणि खऱ्या माणसाने खरं नाव टाइप केलं की फसतं. ज्ञानमीमांसेत आपण म्हणतो, की योगायोगाने खरं ठरलेलं मत म्हणजे ज्ञान नव्हे. जावाचं ‘==’ स्ट्रिंगच्या बाबतीत अशी योगायोगाची खरी उत्तरं पुरवतं.

आता दुसरी बाजू ऐकू. जावाचे समर्थक तीन मुद्दे मांडतात.

पहिला, सुसंगतीचा. ‘==’ सगळीकडे एकच काम करतं, व्हेरिएबलमध्ये जे आहे ते ताडून बघतं. पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये आकडा असतो म्हणून आकडे ताडले जातात, ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलमध्ये पत्ता असतो म्हणून पत्ते. हा मुद्दा खरा आहे. पण ही सुसंगती यंत्राच्या बाजूने आहे. लिहिणाऱ्याच्या मनात ‘पाच बरोबर पाच’ आणि ‘पुणे बरोबर पुणे’ हे एकाच जातीचे प्रश्न असतात.

दुसरा मुद्दा, चिन्हांचे अर्थ बदलू न देण्याचा. सी प्लस प्लस भाषेत प्रोग्रॅमरला चिन्हांना आपापले अर्थ देता येतात, आणि त्याचा बराच गैरवापर झाला. म्हणून जावाने ती सोय मुद्दाम ठेवली नाही. धोरण म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण मग स्ट्रिंगसाठी अधिकच्या चिन्हाला ‘जोडणे’ हा खास अर्थ का दिला? आकड्यांची बेरीज करणारं चिन्ह मजकूर जोडतं, हा अपवाद खुद्द भाषेनेच केलेला आहे. मजकूर जोडताना स्ट्रिंगला घरच्या माणसाचा मान, आणि तुलना करताना ती परकी, हे धोरण पटत नाही.

तिसरा, वेगाचा. पत्ते ताडणं झटपट होतं, लांबलचक मजकूर अक्षरशः ताडायला वेळ लागतो. हेही खरं. पण ‘इक्वल्स’ स्वतः आत शिरल्यावर आधी पत्तेच ताडून बघते, ते जुळले तर तिथेच ‘होय’ म्हणून मोकळी होते. म्हणजे वेगाची काळजी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर न टाकताही वाहता येते.

आणि आमचा मुख्य आक्षेप याच्याही खाली आहे. जावातली स्ट्रिंग एकदा बनली की बदलता येत नाही. हा निर्णय उत्तम आहे, त्याबद्दल रचनाकारांचं कौतुकच करायला हवं. पण त्याचा परिणाम काय होतो? दोन ऑब्जेक्ट बदलणारी असतील, तर ‘तोच का?’ हा प्रश्न मोलाचा असतो. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बँकखात्यात आज नेमके शंभर-शंभर रुपये असतील, म्हणून ती खाती एक होत नाहीत, कारण उद्या एकात पैसे भरले तर दुसऱ्यात दिसणार नाहीत. पण जे कधी बदलूच शकत नाही, त्याच्या दोन प्रतींमध्ये कामापुरता फरक तो काय? अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी १९०६ साली एक भेद मांडला. ‘राम राम’ यात शब्द किती? उच्चारले गेलेले प्रसंग मोजले तर दोन, शब्द म्हणून मोजला तर एक. पहिल्याला ते ‘टोकन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘टाइप’. मजकुराची तुलना करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा टाइपशी कर्तव्य असतं, टोकनशी नाही. जावाने सर्वात सोपं आणि सर्वात ओळखीचं चिन्ह टोकनच्या प्रश्नाला दिलं, जो मजकुराच्या बाबतीत जवळपास कुणालाच पडत नाही.

बरोबरीचं चिन्ह मुळात कुठून आलं ते आठवा. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ सालच्या आपल्या पुस्तकात ते प्रथम छापलं. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा त्यांनी निवडल्या, कारण त्यांच्या मते याहून जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. बघा, रेघा दोन आहेत! चिन्हाच्या जन्मातच ‘वेगळे, पण सारखे’ हा अर्थ आहे. जावाने तेच चिन्ह दुप्पट करून उलटा प्रश्न विचारायला लावलं.

दुसरा मार्ग होता का? होता. पायथनमध्ये ‘==’ मजकूर ताडतं आणि ‘तोच का?’ विचारायला ‘इज’ हा वेगळा शब्द आहे. सी शार्पमध्ये दोन्ही बाजू स्ट्रिंग म्हणून घोषित असतील तर ‘==’ मजकूरच बघतं. सगळ्यात बोलका दाखला कोटलिनचा. ही भाषा जावाच्याच यंत्रणेवर चालते, तिची पहिली पक्की आवृत्ती २०१६ साली आली. तिथे दोन रेघांच्या जोड्या म्हणजे ‘तसाच का?’ आणि तीन जोड्या, ‘===’, म्हणजे ‘तोच का?’ यंत्रणा एकच असून हे जमलं, म्हणजे जावाचा निर्णय यंत्राच्या सक्तीतून आलेला नव्हता. कुठला प्रश्न जास्त नैसर्गिक आहे, याबद्दलचं ते एक मत होतं.

आता आजच्या व्याख्यानाचा दुसरा भाग. जावाच्या वर्गांत या सगळ्यावर एक मंत्र शिकवतात: ‘स्ट्रिंगसाठी नेहमी इक्वल्स वापरा.’ सल्ला योग्य आहे. पण मंत्राचा तोटा असा, की तो म्हटला की विचार थांबतो. विद्यार्थ्याला वाटतं, आता समानतेचा प्रश्न सुटला. मराठी माणसाने तरी या भ्रमात राहू नये, कारण आपल्या लिपीत तो सुटत नाही.

साताऱ्याजवळचं कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं गाव घ्या, कऱ्हाड. यातला ‘र’चा तो आडवा, पापणीसारखा आकार युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलंत. दोन, साधा ‘र’, खाली नुक्ता, मग हलंत. तीन, साधा ‘र’, हलंत, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह, जे पडद्यावर दिसतच नाही. वाचणाऱ्याला तिन्ही रूपं साधारण एकसारखीच दिसतात. पण पहिल्या रूपात गावाच्या नावाची एककं सहा, उरलेल्या दोन्हींत सात. ‘इक्वल्स’ काय करणार? ती एककं मोजते, ताडते आणि सांगते, ही तीन नावं वेगळी आहेत.

यावर युनिकोडने एक उपाय दिला आहे. त्याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात, म्हणजे मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणं. जावातही ही सोय आहे. त्यातून पहिलं आणि दुसरं रूप एक होतं. पण तिसरं, अदृश्य चिन्हाचं रूप, त्यात येत नाही. ते वेगळंच राहतं.

मग कुणी म्हणेल, ती अदृश्य चिन्हं काढूनच टाका की! इथे खरी पंचाईत आहे. ‘आचाऱ्याला बोलवा’ आणि ‘आचार्याला बोलवा’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात स्वयंपाकी येतो, दुसऱ्यात गुरुजी. पहिला शब्द तिसऱ्या प्रकाराने साठवला असेल, तर दोन शब्दांत फरक फक्त त्या अदृश्य चिन्हाचा. ते काढलं, की आचाऱ्याचा आचार्य झाला. दऱ्यांचा दर्या होईल. तुलना सोपी करायला गेलो आणि अर्थच बदलून बसलो. उपाय आहे, पण तो आपली लिपी जाणणाऱ्यालाच सुचेल: चिन्ह नुसतं काढायचं नाही, तिसऱ्या रूपाचं पहिल्या रूपात रूपांतर करायचं.

आणि एवढं करूनही प्रश्न उरतोच. हेच गाव पुष्कळ जण ‘कराड’ असं लिहितात. अक्षरं वेगळी, गाव तेच. इथे कुठलीही अक्षरतुलना पुरी पडत नाही, जगाची माहिती लागते.

म्हणजे ‘एकच आहे का?’ या एका प्रश्नाच्या पोटात आपल्याला चार प्रश्न सापडले. मेमरीत तीच वस्तू आहे का? तीच एककं त्याच क्रमाने आहेत का? वाचणाऱ्याला तेच लिहिलेलं दिसतं का? आणि जगात ते एकाच गोष्टीचं नाव आहे का? जावाचं चिन्ह पहिल्याचं उत्तर देतं, मेथड दुसऱ्याचं. माणसाला बहुधा तिसरा किंवा चौथा विचारायचा असतो.

ही केवळ तात्त्विक चैन नाही. समजा, कुऱ्हाडे आडनावाच्या बाई एखाद्या खिडकीवर उभ्या आहेत. यादीत त्यांचं नाव एका प्रकाराने साठवलेलं आहे, कारकुनाने टाइप केलं दुसऱ्या प्रकाराने. पडद्यावर उत्तर येतं, ‘नाव आढळलं नाही’. कारकून म्हणतो, बाई, तुमचं नाव यादीत नाही. इथे दोन वेगळी विधानं एक करून टाकली गेली. ‘ही एककं जुळली नाहीत’ हे यंत्राला ठाऊक आहे. ‘हा माणूस यादीत नाही’ हे त्याला ठाऊक नाही. आपल्या परंपरेत अभाव कसा कळतो यावर मोठी चर्चा आहे. तिचं सार असं: वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असं ठरत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसणं हा पुरावा होतो. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून खोलीत घडा नाही असं कुणी म्हणेल का? अक्षरांची रूपं एक न करता केलेला शोध हा अंधारातला शोध आहे. त्यातून ‘नाही’ असा निष्कर्ष काढायचा अधिकार कुणालाच नाही, यंत्राला नाही आणि खिडकीमागच्या माणसालाही नाही.

तेव्हा निकाल सांगू. जावाने ‘तोच’ आणि ‘तसाच’ हा भेद ओळखला आणि दोन्हींसाठी साधनं दिली, हे तिचं श्रेय. मजकूर न बदलणारा ठेवला, हे त्याहून मोठं श्रेय. पण बदलू न शकणाऱ्या वस्तूसाठी सर्वात हाताशी असलेलं चिन्ह निरर्थक प्रश्नाला जुंपलं, आणि सामायिक साठ्यामुळे त्या चिन्हाची चूक झाकली जाते, हा तिचा दोष. तो छोटा नाही. आज तो बदलणं अवघड आहे, कारण त्या अर्थावर जुने प्रोग्रॅम उभे आहेत. म्हणून शिकवणाऱ्यांनी मंत्राच्या जागी प्रश्न शिकवावा: कशाच्या दृष्टीने सारखं? नैयायिक सादृश्य सांगताना कुठल्या धर्मांनी ते आहे हे विचारतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही तुलना लिहिण्याआधी एवढंच स्वतःला विचारावं, आणि उत्तर प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहून ठेवावं.

आणि तुमच्यापैकी जे याद्या, शोध, नोंदी यांची कामं करतात, त्यांना एक सांगणं. आपला प्रोग्रॅम ‘कऱ्हाड’ तिन्ही प्रकारांनी टाइप करून एकदा तपासा. आणि पडद्यावर ‘नाव आढळलं नाही’ याच्या जागी ‘असं लिहिलेलं नाव जुळलं नाही, दुसऱ्या प्रकारे शोधून पाहा’ असं वाक्य घाला. वाक्य जरा लांबेल, पण ते खरं असेल.

आज इथेच थांबू या. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे जरूर विचारा.